मुदतीत उत्तर न आल्यास

कलम अकरामधल्या 'समजावे' या शब्दावर सुचितानं अंगठा दाबून धरला. फोनवर तो शब्द निळा झाला, आणि तेवढ्यात दूध वर आलं. तिनं घाईघाईनं गॅस बारीक केला, ओट्यावर सांडलेलं फडक्यानं टिपलं आणि ओलाच अंगठा पुन्हा फोनवर ठेवला. शब्द पुसला गेला नाही.

"सुचिता, च्या होऊन राह्यला का वं?" बैठकीतून सासूबाईंचा, पुष्पाबाईंचा आवाज आला.

"हो आत्याबाई, आणते."

बैठकीत कूलर घरघरत होता, म्हणून सगळेच वरच्या पट्टीत बोलत होते आणि स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. सासरे किसनराव होते. नांदुऱ्याहून मुद्दाम बोलावलेले चुलत सासरे रंगराव होते. अकोल्याहून मोठे दीर राजकुमार आणि जाऊबाई छाया आल्या होत्या. टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला किसनरावांचा फोन स्पीकरवर चालू होता. त्यात चाकणला नोकरीवर असलेला सुचिताचा नवरा होता. आणि छायाच्या मांडीवर बसून अडीच वर्षांची अंजू मुरमुरे खात होती.

या अंजूबद्दलच आज ठरायचं होतं. छायाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. सुचिताला आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तेव्हा पहिली छायाला दत्तक द्यावी, असं घरातल्या घरात बोलणं होत होत इथवर आलं होतं. रंगरावांच्या पिशवीत नारळ होता. तो एकदा छायाच्या ओटीत पडला की पुढे बोलायचं काही उरणार नव्हतं. कागदावर आईची सही लागते हे सुचिताला ठाऊक होतं. सही कशी घेतली जाते हेही ठाऊक होतं.

"घरातलं लेकरू घरातच राह्यते," किसनराव म्हणत होते. "मलकापूरहून अकोलं काय लांब हाय का? सकाळच्या गाडीनं गेलं, पाहून आलं."

"त काय," रंगराव म्हणाले. "दुसरं येऊनच राह्यलं. मांडी काई रिकामी राहत नाई तिची."

सुचितानं साखर टाकली. टाकली की नाही ते आठवेना, म्हणून चमच्यानं चाखून पाहिलं. मग फोन जवळ ओढला.

फोनमध्ये एक राज्य होतं, हौशी लोकांनी मिळून मांडलेलं. 'मेघवन प्रजासत्ताक' त्याचं नाव. जमिनीचा तुकडा नाही, पण निवडणुका, विधानसभा, न्यायालय सगळं होतं, आणि ते चालवणारी माणसं गावोगाव खरोखरीची होती. राज्यशास्त्रात बी.ए. करून सुचितानं वकिलीचा अर्ज भरला त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. पुढे अंजूच्या वेळी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, तेव्हा पडल्यापडल्या ती या राज्यात शिरली. आधी नुसती वाचायची, मग वाद घालू लागली. शेवटी लोकांनीच मतं देऊन तिला न्यायाधीश केलं. तिथे कोणी कोणाची सून नव्हतं. न्यायालयाचा नियमच होता तसा: ज्याला विचारायचं त्याचं नाव घेऊन विचारायचं. 'हे', 'ते', 'यांचे चिरंजीव' असलं काही चालत नसे.

आता न्यायालयाचे नियम दुरुस्तीला निघाले होते. मसुदा आजच विधानसभेपुढे ठेवायचा होता. बाकी सगळं मिटलं, अडलं ते अकराव्या कलमावर. 'मुदतीत उत्तर न आल्यास पक्षकाराची हरकत नाही असे समजावे.' ही ओळ मुळात सुचितानंच लिहिली होती. रेंगाळलेले खटले त्या ओळीमुळे भराभर निकालात निघाले आणि सुचिताचं कौतुकही झालं. याच ओळीच्या जोरावर तिनं तौसिफ नावाच्या एका सभासदाचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. त्याच्या बाजूनं नांदुऱ्याची अदीबा भांडत होती. तिनं बोलून पाठवलेला निरोप सुचितानं सकाळपासून पुन्हापुन्हा ऐकला होता.

"मॅडम, तौसिफचा मोबाईल त्याच्या भावानं काढून घेतला होता. तो कुठून उत्तर देईन? त्याले कोणी विचारलंच नाही, आन् चूप बसला म्हणून कबूल धरलं. हे तं घरातल्यासारखं झालं मॅडम. कोर्टासारखं नाही झालं."

पडदा सरकवून पुष्पाबाई आत आल्या. त्यांनी फोनकडे एकदा पाहिलं, पातेल्याकडे एकदा पाहिलं आणि कप काढायला लागल्या.

"रडली काय वं?"

"नाही."

"रडू नको. लेकरू काई रानात जाऊन नाई राह्यलं. छाया जीव लावन तिले."

पातेल्याच्या कडेकडे पाहत सुचिता म्हणाली, "आत्याबाई, मी हो कुठे म्हटलं होतं?"

"नाई तरी कुठी म्हन्ली?" पुष्पाबाईंनी कप धुता धुता विचारलं. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं त्या बोलल्या. "गहू निवडताना मी सांगतलं तवा माह्या मांडीले मांडी लावून बसली होती ना तू? म्हनाचं त तवाच म्हनाचं."

"मला उलटी आली होती."

"हाव, आली होती. मंग तोंड धुऊन आल्यावर बोलता नाई आलं?"

त्या कप ट्रेमध्ये मांडून गेल्या. जाताना सुनेच्या डोक्यावरचा घसरलेला पदर नीट करून गेल्या.

सुचिताला ती दुपार आठवली. सुपातले खडे, मळमळ, मोरीपर्यंतची धावपळ. परत आली तेव्हा पुष्पाबाई शेजारणीला सांगत होत्या, सूनबाई समजदार हाय माही. सुचितानं सूप पुढं ओढलं होतं आणि खडे वेचत बसली होती. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, बघू. पुन्हा सांगितलं. पुन्हा म्हणाला, बघू ना.

तिनं कलम अकरा सगळंच पुसून टाकलं. एका हातानं चहा गाळत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिलं: 'उत्तर आले नाही तर पक्षकारास सर्वांसमोर, नाव घेऊन विचारावे. तरीही उत्तर न आल्यास पुन्हा विचारावे. न बोलणे म्हणजे होकार धरू नये.' थोडा चहा ट्रेमध्ये सांडला. तिनं मसुदा अदीबाला पाठवला.

अदीबा जशी वाट पाहतच बसली होती. लगेच उत्तर आलं. 'शुक्रिया मॅडम. पण दुसऱ्यांदा विचारूनही बोललाच नाही, तर?'

सुचिता त्या ओळीकडे पाहत राहिली. तिनं फोन डब्यांच्या मागे ठेवला आणि ट्रे उचलला.

बैठकीत रंगरावांनी नारळ बाहेर काढून त्याला कुंकू लावलं होतं. छायाच्या अंगावर नवी साडी होती, घडीच्या रेघा तशाच होत्या. एका हातानं तिनं अंजूला पोटाशी धरलं होतं. दुसऱ्यानं ओटीसाठी पदर पसरला होता. सुचिता आली तशी तिनं मान खाली घातली.

"मंग काय," रंगराव म्हणाले, "कोनाची काई हरकत?" पण विचारताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. नारळ उचललाही.

"हर्षल आयकूनच राह्यला," किसनराव फोनकडे बोट करून म्हणाले. "पोरगं आपल्या शब्दाबाहीर नाई."

"आन् सूनबाई?" रंगरावांनी विचारलं.

"तिचं काय! ते गरीब गाय हाय."

सुचितानं ट्रे खाली ठेवला, फरशीवरच. मग ती भिंतीशी गेली आणि कूलरचं बटण बंद केलं.

घरघर थांबली. बाहेर स्टेशनवर कुठलीशी गाडी येत असल्याचं सांगत होते, ते स्पष्ट ऐकू आलं.

"लाइन गेली काय?" राजकुमारनं विचारलं.

"नाही," सुचिता म्हणाली. "मी बंद केला." मोठ्या दिरासमोर ती पहिल्यांदाच सरळ बोलली होती. पदर खांद्यावर आला, तो तिनं तिथेच राहू दिला. टीपॉयसमोर ती फरशीवर बसली, फोनच्या अगदी पुढ्यात.

"हर्षल," ती म्हणाली.

पुष्पाबाईंचा हात तोंडावर गेला. या घरानं तिच्या तोंडून ते नाव एकदाच ऐकलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रंगरावांचा नारळ अधांतरीच राहिला.

"हर्षल, अंजूला द्यायला माझी हरकत आहे. मी नाही म्हणते. आता तुमचं सांगा."

फोनमधून पंख्याची खटखट आली. कोणीतरी श्वास घेतला.

"लाजलज्जा हाय का काई?" किसनराव म्हणाले.

"नेटवर्क गेलं असन," राजकुमार पुटपुटला.

"नाही. चालू आहे." तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. आत डब्यांच्या मागे तिचा फोन वाजला आणि थांबला.

छायानं मान वर केली. तिनं सुचिताकडे पाहिलं. मग अंजूच्या पोटावरचा हात तिनं सावकाश काढून घेतला आणि आपल्याच गुडघ्यावर ठेवला. पदर मात्र तसाच पसरलेला होता.

अंजू मांडीवरून घसरून उतरली. रोज संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला की ती त्यांना घास भरवायची. आईसमोर फोन दिसला म्हणजे तीच वेळ, असं तिला वाटलं. मुठीतला एक मुरमुरा निवडून तिनं पडद्यासमोर धरला.

"बाबा, आ करा," ती म्हणाली.

पंखा खटखटत राहिला. सुचिता थोडी पुढे वाकली.

"हर्षल," तिनं पुन्हा विचारलं.