दादूसची जीप

पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, तिथून थोडं आत एक बंद पडलेली वीटभट्टी होती. कमळाकर गोवारी तिथे गेला होता गच्चीवरच्या शेडसाठी जुने लोखंडी पाईप बघायला. भट्टीवाल्याने मागच्या बाजूला बोट दाखवलं आणि घाणेरीच्या झुडपांत कमळाकरला ती दिसली. टायर नव्हते. बॉनेट गंजून पापडासारखं झालं होतं. सीटच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या आणि पोटात कुठल्याशा पंपाचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. पण तोंडाच्या पत्र्यातल्या उभ्या फटी आणि डावीकडचं स्टिअरिंग बघून त्याला ती ओळखायला वेळ लागला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी जीप.

पाईप राहिले बाजूला. संध्याकाळी टेम्पोवर दोरखंडाने बांधून जीप कामोठ्याच्या गावठाणात, त्याच्या चार मजली घरासमोर आली.

"ह्ये काय आनलंव?" रंभाने दारातूनच विचारलं.

"जीप हाय."

"जीप व्हती म्हना."

रंभा हसली नाही की चिडली नाही. नवऱ्याचा चेहरा बघून ती आत गेली आणि चहा टाकला. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. आधी मिठाचा टेम्पो चालवला, मग रेतीचे डंपर, मग जमिनी नव्या शहरासाठी संपादनात गेल्या, घर वर चढलं, भाडेकरू आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो पहिल्यांदाच कशासाठी तरी हट्ट करत होता.

त्या हट्टाचं मूळ तिला ठाऊक होतं. कमळाकरने ती गोष्ट तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितली होती. त्याचा थोरला भाऊ तुळशीराम, घरातला दादूस, त्याच्याहून कितीतरी मोठा. चीनच्या लढाईच्या सुमारास तो लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. एकदा रजेवर येताना तो जीप घेऊन आला, लहानग्या कमळाकरला मांडीवर बसवून थेट मिठागराच्या बांधापर्यंत नेलं. वारा तोंडावर लागत होता, पेट्रोलचा वास येत होता, आणि बांधावरच्या बाया हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या होत्या. कमळाकरला त्यातलं सगळं आठवत होतं.

पुढच्या रजेला तुळशीराम आला तो बातमी घेऊन. तिकडे तेजपूरला त्याने एका आसामी मुलीशी लग्न केलं होतं. बापूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आता हिकडं येवचा नाय." तुळशीराम आल्या पावली परत गेला. मग त्याची पत्रं यायची, बापूस ती न फोडता परत पाठवायचा. पुढे पत्रं थांबली. बापूस गेला, त्याच्यामागून आय गेली. आय शेवटपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसायची. कमळाकरने मोठा झाल्यावर पलटणीच्या पत्त्यावर लिहून पाहिलं, उत्तर आलं की माणूस निवृत्त होऊन गेला. कुठे गेला ते कोणाला सांगता येईना.

जीपच्या कामाला पनवेलचे दाऊदभाई मुकादम मिळाले. त्यांचं मोठं गॅरेज होतं, दोन मुलगे हाताखाली होते, आणि बोलण्याची हौस दांडगी. जीपभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "कमळाकरशेठ, ह्याच्यात जान आणायची तर सबर पाहिजे. तुमच्याकडे आहे?"

"तेवडीच हाय उस्ताद."

सबर लागलीच. डिझेलचं धूड उतरवलं, पण मूळ जातीचं पेट्रोल इंजिन मिळेना. दाऊदभाईंनी छातीठोकपणे एक आणलं, ते बसवल्यावर कळलं की ते भलत्याच मॉडेलचं आहे. ते परत काढलं. शेवटी कोल्हापुरात एका ऊसवाल्याच्या गोठ्यातून खरं इंजिन आलं, तेही जाम झालेलं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, घासून घासून स्वच्छ केली. स्प्रिंगचे पाटे नवे बसवले. पत्र्याचं काम कमळाकर स्वतः करायला शिकला. गंजलेला तुकडा कापायचा, नवा ठोकून बसवायचा. त्याच्या हातांना रेडऑक्साइडच्या लाल अस्तराचा वास कायमचा चिकटला. जेवायला बसला की रंभा ताट थोडं लांब सरकवायची.

परेश, त्यांचा मुलगा, बँकेत होता. सुरुवातीला तो म्हणायचा, "बाबा, एवढ्या पैशात नवी गाडी आली असती." मग एका रविवारी तो बापाशेजारी उकिडवा बसून पॉलिश पेपर घासू लागला, आणि तेव्हाच त्याला काकाची सगळी गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकायला मिळाली. त्याने जीपचे फोटो काढले, फेसबुकवर जुन्या जीपवाल्यांचा एक ग्रुप होता तिथे टाकले आणि खाली काकाबद्दल चार ओळी लिहिल्या. लोकांनी रंगाबद्दल विचारलं, टायरबद्दल विचारलं. काकाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

रंग लागायच्या सुमारास, गणपती होऊन गेल्यावर, परेश ऑफिसातून लवकर घरी आला. बूट न काढताच आत येऊन बापासमोर मोबाईल धरला. जीपच्या ग्रुपवरच्या त्या चार ओळी वाचून जोनाली गोवारी नावाच्या मुलीने गुवाहाटीहून हिंदीत निरोप लिहिला होता, खाली घरचा फोन नंबर दिला होता. परेशने मोठ्याने वाचला, "मेरे दादाजी का नाम तुलसीराम गोवारी है. वो नींद में 'मिठागर, मिठागर' बोलते हैं. घर में कोई नहीं समझता. यह मिठागर क्या होता है?"

कमळाकरने मोबाईल हातात घेतला, पण त्याला ती अक्षरं नीट दिसेनात. रंभानेच मग परेशला सांगितलं, "फोन लाव. आत्ता लाव."

फोनवर आला एक घोगरा म्हातारा आवाज, शब्द चाचपडत, अर्धा हिंदीत, "कौन... कमळ्या हाय काय रं?"

"दादूस," कमळाकर म्हणाला.

हळूहळू दोघे बोलले. आय कधी गेली, बापूस कसा गेला. तुळशीरामची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. तो मुलाकडे राहत होता, सुपारीची बाग होती. मराठी बोलायला माणूस नव्हता, त्यामुळे शब्द कुठे कुठे हरवले होते. 'बांध' आठवला, पण 'दिवा' आठवेना. शेवटी कमळाकरने जीपचं सांगितलं. तू मला मांडीवर बसवून नेलं होतंस, तशीच जीप मी तयार करतोय, म्हणून.

"मी जीप घेऊन कवा आलतो?" तुळशीराम म्हणाला. "अरं, सायबाची जीप. पनवेलच्या नाक्यावर उभी व्हती. मी तुला खांद्यावर बसवून थितं नेलता. तू म्हनलास, मना बसायचाय. मी म्हनलो, पुडच्या रजेला बसवीन."

कमळाकरने फोन ठेवला आणि बाहेर येऊन जीपजवळ उभा राहिला. अर्ध्या भागाला हिरवा रंग लागला होता, अर्धा अजून लाल होता. तोंडावरचा वारा, पेट्रोलचा वास, बांधावरच्या बाया. आयुष्यभर जपलेली ती फेरी झालीच नव्हती. एका पोराने ऐकलेलं वचन मनात इतक्या वेळा घोळवलं की ते घडून गेल्यासारखंच वाटायला लागलं. कोणीतरी घरातली वस्तू उचलून न्यावी तसं त्याला झालं.

त्यानंतर काही दिवस त्याने पान्याला हात लावला नाही. दाऊदभाईंचे फोन आले, ते त्याने उचलले नाहीत. एका सकाळी रंभा जवला, बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, फेरी व्हायची ऱ्हायलीय ना? मंग मारा की आता. मानूस हाय, जीप हाय. आनखी काय पायजे?"

त्या दुपारी कमळाकर दाऊदभाईंना बोलवायला गॅरेजात गेला.

थंडीत तुळशीराम आला, नातीला सोबत घेऊन. मुंबईच्या विमानतळावर कमळाकर अगदी पुढे रेलिंगला चिकटून उभा होता. बाहेर येणाऱ्या माणसांत त्याला उंच, रुंद खांद्यांचा दादूस हवा होता. आला तो काटकुळा, वाकलेला, लोकरीची टोपी घातलेला म्हातारा. पण चालताना तो डावा हात पाठीवर ठेवत होता, अगदी बापूस ठेवायचा तसा. कमळाकर वाकून पाया पडला. तुळशीरामने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पांढऱ्या केसांत बोटं तशीच ठेवली. "टकलू व्हत चाललास रं," तो म्हणाला. जोनालीला त्यातलं काही कळलं नाही, तरी ती रडू लागली.

घरासमोर आल्यावर तुळशीरामने मान वर करून चारही मजले पाहिले. "ह्ये कोनाचा?"

"तुजाच."

"आपलं दार खाली व्हतं. बुटकं. वाकून जायला लागायचं."

"हो. आता लिफ्ट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाकरने जीप काढली. रंग सुकून लष्करी हिरवी झाली होती ती, काच बॉनेटवर आडवी पाडलेली. पायाने दाबायचं स्टार्टरचं बटण होतं; इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. तुळशीराम चढला. बसता बसता त्याचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे गेला आणि मग मांडीवर परत आला.

"चालवतोस?" कमळाकरने विचारलं.

"नाय. आज तू ने."

गावठाणाच्या गल्ल्यांतून जीप नव्या शहराच्या सेक्टरांत शिरली. रिक्षावाले वळून बघत होते. क्लासेसच्या पाट्या, मेडिकल, मोबाईलची दुकानं, एकावर एक बाल्कन्या आणि बाल्कन्यांत वाळणारे कपडे. वारा खरोखर तोंडावर लागत होता. कमळाकरला हसू येत होतं. तुळशीराम मात्र दोन्ही बाजूंना शोधत होता. "खाडी खय गेली? बांध कुठं?" एका चौकात तो 'उजवीकडे' म्हणाला, मग 'नाही' म्हणाला.

एका सात मजली सोसायटीसमोर कमळाकरने जीप थांबवली. "हितं," तो म्हणाला. "बापसाचं मिठागर हितं व्हतं. मागच्या भिंतीशी आपली झोपडी व्हती."

तुळशीराम उतरला. गेटवर वॉचमन होता, वर कुठल्यातरी घरात पोरं मोठ्याने पाढे म्हणत होती. म्हातारा भिंतीच्या कडेकडेने चालत गेला. इमारत तशी नवी होती, पण खाली जमिनीलगत रंगाचे पोपडे सुटले होते आणि प्लास्टरवर पांढरी भुकटी फुलून आली होती. तो वाकला. नखाने ती भुकटी खरवडली आणि बोट जिभेला लावलं.

"ओ आजोबा, काय करताय?" वॉचमन धावत आला.

तुळशीरामने त्याच्याकडे पाहिलंच नाही. भावाकडे वळून म्हणाला, "हाय रं. मीठ हाय अजून."

कमळाकरनेही बोट लावून चाखलं. खारट होतं, तुरटही, सिमेंटची कचकच दातांखाली आली. दोघे म्हातारे भिंतीला पाठ लावून तिथेच खाली बसले. वॉचमन थोडा वेळ घोटाळला आणि मग आपली प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याजवळ आणून ठेवली. त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.

कमळाकरने वरच्या मजल्यावरची खोली भावासाठी रिकामी करून घेतली होती. रोज सकाळी तो त्याला जीपमधून कुठे ना कुठे न्यायचा. विचुंब्याच्या आत्याच्या घरी, पनवेलच्या बाजारात, कधी नुसतंच. तुळशीरामला शब्द परत येऊ लागले होते. रंभाने केलेलं जवल्याचं कालवण तो बोटं चाटून खायचा. कमळाकरच्या मनात हळूच बसलं की आता हा इथेच राहील. ते त्याने विचारलं नाही, कारण विचारायची भीती वाटत होती.

एका दुपारी जेवता जेवता तुळशीराम म्हणाला, "आता घरी जायला पायजे. सुपारी उतरायची वेळ जाली."

'घरी' हा शब्द त्याने अगदी सहज उच्चारला. कमळाकरचा घास हातातच राहिला. रंभाने त्याच्या ताटात उगाचच आणखी भात वाढला.

"ऱ्हा ना दादूस," इतकंच तो म्हणाला.

"तुजी वयनी तिकडंच हाय," तुळशीराम म्हणाला. "नदीच्या कडेला. मी नाय गेलो त तिला बरा नाय वाटायचा."

जाताना रंभाने सुकट बांधून दिली, परेशने ह्या दिवसांच्या फोटोंचा आल्बम करून दिला. विमानतळावर दरवाजातून आत गेल्यावर तुळशीरामने मागे वळून पाहिलं, पण मध्ये माणसं आली.

घरी परत येऊन कमळाकरने जीपवर ताडपत्री घातली. वरच्या खोलीचं दार त्याने उघडंच ठेवलं, मग संध्याकाळी जाऊन लावून घेतलं. त्याच्या मनातली जुनी फेरी पुसली गेली होती, आणि नवी मनात रुजायला अजून वेळ होता. पूर्वी तो न भेटलेल्या भावासाठी झुरायचा. आता भेटलेल्या भावासाठी झुरत होता, आणि हे झुरणं जास्त जड होतं, कारण आता त्याला चालायची लकब होती, खोकला होता, जेवतानाचा आवाज होता.

पोचल्यावर तुळशीरामचा फोन आला. सुपारी बरी आहे, थंडी फार आहे, जोनाली परत कॉलेजला गेली. मग दोघांचं बोलणं संपलं, तरी कोणीच फोन ठेवीना.

"कमळ्या," थोड्या वेळाने तुळशीराम म्हणाला, "तू बोलतोस त आय बोलल्यावानी वाटतं. काय पन बोल. बोलत ऱ्हा."

कमळाकर फोन घेऊन गच्चीवर गेला. आज बाजारात बोंबील चांगले आले होते, ते सांगितलं. रंभाचा गुडघा दुखतोय, ते सांगितलं. खालच्या भाडेकरणीला मुलगी झाली. भरती लागली असावी, वाऱ्याला खाडीचा वास येतोय. पलीकडून मधूनमधून 'हं' यायचं. ते येत होतं तोवर तो बोलत राहिला.