पहिली खेप

"आई, अजूनही घरी जाऊ या," माझी सून तिसऱ्यांदा म्हणाली. "तीस वर्षांनी कशाला जखमेवरची खपली काढायची? सही घ्या, छान गायलात म्हणा आणि चला."

दुकानात रांग होती. पुढे टेबलामागे ती गायिका बसली होती, शेजारी तिची मुलगी. तिच्या पहिल्या एकटीच्या अल्बमची नवी आवृत्ती रेकॉर्डवर निघाली होती. मूळ अल्बम आला तेव्हा कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मैत्रिणीबरोबरची जोडी मोडून ही एकटी गाते म्हटल्यावर लोकांनी आधीच नाकं मुरडली होती. त्यात पेपरांत छापून आलं, आवाज जड झालाय, गाणी रेंगाळतात. दोन वर्षांत ती दिसेनाशी झाली. आता तेच पेपर रकानेच्या रकाने भरून लिहीत होते, की या अल्बमवर अन्याय झाला. कुणी केला, ते कुणी लिहिलं नव्हतं. त्यांना कुठून कळणार म्हणा.

मी कॅसेटच्या कारखान्यात तपासनीस होते. काम ऐकण्याचं. शंभरातली एक कॅसेट उचलायची, हेडफोन लावायचा, आणि खरखर किंवा दबका आवाज सापडला की खेप परत पाठवायची. बाकीच्या बायका मला 'मांजर' म्हणायच्या, पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तरी माझी मान वळायची म्हणून. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

या अल्बमची पहिली खेप आली तेव्हा माझी आई जाऊन आठवडा झाला होता. रजा संपली म्हणून कामावर आले होते, एवढंच. हेडफोन लावला आणि ही गायला लागली. संथ, जड, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. मला वाटलं, हिचंही कुणीतरी गेलंय. मी तिथंच बसून रडले. शंका आली नाही का? आली. मास्टर टेप फिरवणाऱ्या मशीनचा पट्टा सैल पडला की गाणी कॅसेटवर संथ उतरतात, हे मला ठाऊक होतं. उठून फक्त विचारायचं होतं. पण ते गाणं थांबवायला मन होईना, आणि मी खेप पास केली. तीच खेप पेपरांकडे आणि रेडिओकडे गेली. दुसरी निघालीच नाही. महिन्याभरानं पट्टा बदलला, तेव्हा मी सरळ कानांवर हात ठेवले.

गेल्या मंगळवारी सुनेनं मूळ टेपवरून काढलेली ही नवी आवृत्ती मोबाइलवर लावली. तेच गाणं. पण हे हलकं होतं, खट्याळ, चालता चालता उडी मारणारं. भांडी घासता घासता मी ओट्याला टेकले आणि तिला सगळं सांगून टाकलं.

"तुमचं नाव कुठंही नाहीये," आत्ता रांगेत ती कुजबुजली. "कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना बये."

माझी पाळी आली. गायिकेनं माझी रेकॉर्ड पुढ्यात ओढली, पेन उघडलं. "नाव काय लिहू?"

"आधी माझं ऐका," मी म्हणाले, आणि उभ्या उभ्या सांगितलं. आईचं, पट्ट्याचं, सगळं. तिची मुलगी म्हणाली, "आई, रांग मोठी आहे." गायिकेनं नुसता हात वर केला.

"मी कंपनीत गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, हे मी असं गायलेलंच नाही, संथ वाजतंय. मूळ टेप त्यांच्याच कपाटात होती, पण काढली कुणी नाही. म्हणाले, आमच्याकडे दहा वर्षं ऐकणारी बाई आहे, तिनं पास केलंय. कान तुमचाच फसतोय."

"ती बाई मीच," मी म्हणाले.

"आणि मला ते पटलं हो. नंतर माइकपुढं उभी राहिले की वाटायचं, मी सुरात आहे की नाही? सारखं थांबून दुसऱ्यांना विचारायचे. असं कुणी गाऊ शकतं का? आता नव्या आवृत्तीत गाणी भरभर वाजली, तर मला वाटलं, ती काढणाऱ्या पोरांनी मशीनवर नीट करून दिलीत."

"मला बोला हो काहीतरी," मी म्हणाले. "शिव्या द्या."

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं मुलीचं मनगट धरलं होतं.

"ऐकलंस ना? माझा कान बरोबर होता."

"हो आई."

"बरोबर होता गं."

मागं कुणीतरी खाकरलं. माझी रेकॉर्ड तिच्यापुढं तशीच पडली होती, सहीविना. मी ती अलगद ओढून घेतली आणि बाजूला झाले. सुनेनं माझा दंड धरला. मागचा माणूस पुढं आला, त्यानं आपलं नाव सांगितलं. गायिकेनं मान डोलावली, पेन टेकवलं आणि तशीच बसून राहिली. मग त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं.