बादलीतलं विसर्जन
माझा नवरा परीक्षित इथल्या, अमेरिकेतल्या मिशिगन लेकच्या पर्यावरण-अहवालावर काम करतो. मालवाहू जहाजं डेक धुतात, तेव्हा सांडलेला कोळसा थेट पाण्यात जातो, त्याचाच हा अहवाल. महिनाभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालून शेवटी काल त्याने लिहिलं, "परिणाम नगण्य." तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

आज विसर्जन. मी शाडूचा वीतभर गणपती घेऊन लेकवर निघाले, तर हा गाडीसमोर आडवा. "अगं, लेकमध्ये नको, पाणी पोल्यूट होतं!"

मग गॅरेजमध्ये बादली भरली. बाप्पा बुडाले. परीक्षितने हात जोडले, "पुढच्या वर्षी लवकर या."

"आणि कोळशाच्या जहाजातून या," मी म्हणाले, "म्हणजे हा अडवणार नाही."