मटिल्डाला तळणीचं तेल

"आजपासून अरबस्तानातल्या शेखांनी आपापल्या विहिरींवर झाकणं घालावीत आणि दुसरा धंदा बघावा!" अंगणातल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारत अँथनी तुस्कानो सरांनी जाहीर केलं.

श्रोते म्हणजे तीन कोंबड्या आणि बहिणीचा मुलगा क्लिफर्ड. कोंबड्यांनी बातमी शांतपणे घेतली. क्लिफर्ड मोबाइलमध्ये होता.

"विहिरींचं नंतर बघा," स्वयंपाकघरातून फ्लॉसीबाईंचा आवाज आला. "आधी माझा मटणाचा मोठा टोप कुठं नेलात ते सांगा."

टोप मागच्या पडवीत होता. त्यात अरबस्तानचं दिवाळं निवत ठेवलेलं होतं.

सरांनी वसईतल्या एका शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी वडिलांच्या जुन्या लाल ट्रॅक्टरला हाताशी धरलं. या ट्रॅक्टरचं नाव मटिल्डा. सरांच्या आजीचं नाव तेच. तीही सकाळी चटकन उठत नसे आणि उठली की सगळ्या आळीला कळत असे. मटिल्डाने सत्तेचाळीस वर्षं केळीच्या बागेत डिझेल पिऊन काढली होती. आता सर तिला बायोडिझेलची सवय लावत होते.

कच्चा माल गावातच होता. हिल्डाबाईंकडून बोंबील तळलेलं तेल, नाक्यावरच्या गाडीवरून वड्यांचं आणि जूचंद्रच्या एका केटररकडून लग्नाच्या पुऱ्यांचं. सर ते गाळत, कोमट करत, मोजून औषधं घालत, रात्रभर ठेवत. सकाळी खाली चिकट ग्लिसरीन बसलेलं असे आणि वर मधाच्या रंगाचं इंधन. मग ते पाण्याने धुवायचं आणि तापवून त्यातला पाण्याचा थेंब न् थेंब उडवायचा. या शेवटच्या कामात सर इतके कडक, की पडवीशेजारच्या दोरीवर फ्लॉसीबाईंना ओला टॉवेलसुद्धा टाकता येत नसे.

"पाणी म्हणजे इंजिनाचा शत्रू," सर म्हणत.

"मग माणसांनी आंघोळ तरी करायची ना?" फ्लॉसीबाई विचारत.

वीस टक्के बायोडिझेल, बाकी डिझेल, या मिश्रणावर मटिल्डा पंधरा दिवस बागेत बिनतक्रार फिरली. सरांची छाती तेवढ्याने फुगली आणि ऑक्टोबरातल्या आगेऱ्यासाठी त्यांनी अर्जच टाकला. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. लोंब्यांच्या पेंढ्या सजवलेल्या गाडीतून वाजतगाजत देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, न्यायच्या. गाडी ओढायचा मान यंदा क्लिफर्डच्या नव्या निळ्या ट्रॅक्टरला मिळणार हे गावाने धरलंच होतं; त्याला छत्री होती, दिवे होते आणि गाणी होती. पण सरांनी चर्चच्या समितीपुढे हवामानबदलावर पाऊण तास भाषण केलं. समितीने मान देऊन टाकला, म्हणजे जेवायला तरी जाता येईल.

"जा," फ्लॉसीबाई म्हणाल्या. "पण ऐका. अख्ख्या गावासमोर ही वाटेत बंद पडली, तर सोमवारी वालीवच्या भंगारवाल्याला बोलावणार. अंगणात मला वांगी लावायचीत."

"कबूल," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांना सगळंच कबूल होतं.

एवढंच नाही. सणाच्या दिवशी वीस टक्के म्हणजे कद्रूपणा, म्हणून टाकीत त्यांनी पन्नास टक्के भरलं. बायोडिझेल जुनी टाकी साबणासारखी धुऊन काढतं आणि सुटलेला गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून सुरुवातीलाच फिल्टर बदलायचा, हे सरांना पाठ होतं. नवा फिल्टर त्यांनी आणूनही ठेवला होता. सणानंतर बदलू, असं ठरलं. कोणी ठरवलं, तर सरांनी.

रविवारी सकाळी वेशीवरच्या क्रुसापाशी मटिल्डा झेंडूच्या माळा घालून उभी राहिली. मागच्या गाडीत पेंढ्या, त्यामागे बँड, त्यामागे लुगडी नेसलेल्या बायका. फादर आशीर्वादाचं पाणी शिंपडत आले. त्यांनी बॉनेटवर शिंपडलं, चाकांवर शिंपडलं. आणि सरांना काय झालं कोण जाणे, भक्तीच्या भरात त्यांनी टाकीचं झाकण उघडून धरलं.

"फादर, इंधनावरही."

फादर तरुण होते आणि हात सढळ होता. टाकीतून टुबुक असा आवाज आला. पाठोपाठ अजून एक. महिनाभर ओला टॉवेलही जवळ येऊ न देणारे सर हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "आमेन."

मिरवणूक निघाली. मटिल्डा ऐटीत चालली आणि तिच्या धुराड्यातून असा वास सुटला, की बँडवाल्याने सूर सोडून मागे वळून पाहिलं. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना; तिच्याआधी उपास, त्यामुळे सगळे रिकाम्या पोटी.

"वडे," एकजण म्हणाला.

"बोंबील," हिल्डाबाई म्हणाल्या. "माझेच आहेत. मी वास ओळखते."

भक्तिगीताचा वेग आपोआप वाढला. सगळ्यांना लवकर पोचायचं होतं.

देऊळ दोनशे पावलांवर आलं आणि मटिल्डा खोकली. पुन्हा खोकली. मग एक दीर्घ श्वास सोडून उभी राहिली. बँडचा ढोल दोन ठोके जास्त वाजून थांबला.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "टाकीत पाणी ओतल्यावर काय होणार?"

"शू! आशीर्वादाचं पाणी आहे ते."

"आशीर्वादाचं असलं तरी पाणीच ना!"

फादरांचा चेहरा पडला. क्लिफर्डने निळा ट्रॅक्टर पाठोपाठ आणलाच होता. तो दोर घेऊन उतरला.

"मामा, खेचू?"

सर खाली वाकले. पंपाखालच्या काचेच्या वाटीत काळा गाळ गच्च भरला होता. त्या गाळाच्या बुडाशी पाण्याचे दोन टपोरे थेंब होते. निष्पाप, पण पुराव्याला पुरेसे.

फादर शेजारी येऊन उकिडवे बसले. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा. माझ्यामुळे?"

सरांनी थेंबांकडे पाहिलं. नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती, तर बायोडिझेल सुटत होतं, मटिल्डा सुटत होती. देवाच्या मर्जीने बंद पडलेला ट्रॅक्टर फ्लॉसीनेही भंगारात काढला नसता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत कमरेवर हात ठेवून उभी होती.

सर उठले. वर्गात उभे राहत तसे.

"दोन थेंबांनी इंजिन बंद पडत नाही," ते मोठ्याने म्हणाले. "फादरांचा काही दोष नाही. फिल्टर बदलायचा होता, तो मी बदलला नाही. वर भपक्यासाठी डबल डोस भरला. चूक माझी आहे."

मिरवणुकीत कुजबुज झाली. सरांच्या हाताखाली नापास झालेले निदान चाळीसजण तिथे होते. त्यांच्या चेहऱ्यांवर सणाचा खरा आनंद दिसला.

क्लिफर्डने दोर खाली टाकला. "मामा, ट्रॅक्टरमध्ये डिझेलचा कॅन आहे. फिल्टर त्यात खळबळून लावू. देवळापर्यंत जाईल." मग जरा घुटमळून म्हणाला, "मला पण तुम्ही सत्तावीस मार्क दिले होते. तरी."

दोघांनी फिल्टर काढला, खळबळला, वाटी पुसली. पाइपात शिरलेली हवा काढायला सर अंगठ्याने पंप दाबत राहिले. बुडबुडे आले, फेस आला, शेवटी निखळ तेल आलं. मटिल्डा एकदा शिंकली आणि धडधडू लागली. बँड जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. पेंढ्या देवळात पोचल्या, मिस्सा झाला, नवा तांदूळ वाटला गेला.

मिस्साभर सरांचं लक्ष लागलं नाही. सोमवार दिसत होता. बाहेर आल्यावर ते मटिल्डापाशी जाऊन उभे राहिले. फ्लॉसीबाई आल्या. त्यांनी एक झेंडूची माळ नीट केली.

"भंगारवाल्याचा नंबर क्लिफर्डकडे आहे," सर म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

"राहू दे."

"म्हणजे?"

"लग्नाला अडतीस वर्षं झाली. 'चूक माझी आहे' हे तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. ज्या ट्रॅक्टरने हे करून दाखवलं, तो मी विकायची नाही. वांगी मागच्या अंगणात लावते." आणि जाताजाता म्हणाल्या, "पण फिल्टर आजच बदला."

सरांच्या अंगात पुन्हा एकतीस वर्षांची नोकरी संचारली. ते पायरीवर चढले. देवळातून बाहेर पडणारा गाव आपसूक समोर थांबला.

"बंधू-भगिनींनो! आज जे थांबलं ते इंजिन होतं, विचार नव्हे! पुढच्या आगेऱ्याला या तालुक्यातला प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक पंप, आपल्याच कढईतल्या तेलावर..."

गर्दीतून वाट काढत फादर पुढे आले. फादरांनी उजवा हात वर केला. सरांनी आशीर्वादासाठी मान झुकवली.

"सर," फादर अदबीने म्हणाले, "ट्रॅक्टर तेवढा फाटकातून मागे घ्या. स्कूटर आत अडकल्यात. आणि शक्यतो ढकलतच न्या, चालू करू नका. पुढच्या मिस्साची माणसं उपाशी आहेत."