विचारलं सुनेला, बोलली सासू

आमच्या ओळखीत एक सासू आहे. गल्ली तिला तोफ म्हणते. ती खोकली की तीन घरांपलीकडचं मांजर दुधापासून मागे सरतं. खोटं वाटलं तर मांजराला विचारा. तिची सून घरी शिवणकाम करते. दिवस राहिल्यावर सून पहिल्यांदा दवाखान्यात गेली, तर तोफ आधी आत शिरून खुर्चीत बसली. सून उभीच.

"झोप लागते?" डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं.

"घोरते," सासू म्हणाली.

"आधीपासून कसली गोळी चालू आहे?"

"छे, आमच्याकडे कुणाला साधी शिंक येत नाही."

सुनेला लहानपणापासून फिट्स येत. माहेरच्यांनी ते लपवून लग्न लावलं होतं, आणि ती रोज चोरून गोळी घेत होती.

"विचारते अशासाठी, की काही औषधांनी बाळाच्या मेंदूला, पाठीच्या कण्याला इजा होते. तीही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत."

घरी जाऊन गोळ्या मोरीत ओताव्यात, सुनेला वाटलं. पण मागे एकदा गोळी चुकली, तेव्हा ती शुद्धीवर आली ती मशीनखाली, जीभ चावलेली. आता पडले तर दोघं पडू. बोलले तर घर जाईल. गप्प राहिले तर बाळ.

"मला फिट्स येतात," ती म्हणाली. आवाज सुईच्या नेढ्यातून जाईल इतका बारीक. "गोळी चालू आहे."

सासू गर्रकन वळली. "म्हणजे फसवलंत आम्हाला?"

"आजी, ते भांडण नंतर करा, मीही ऐकायला येईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता एवढंच सांगा, खरं कळलं असतं तर हिला सून करून घेतली असती?"

तोफेने उठून सुनेला खुर्ची दिली.

"आजपासून गोळी बंद करते," सून रडत म्हणाली.

"मुळीच नाही! एकदम बंद केलीस तर मोठी फिट येईल, दोघांच्या जिवावर बेतेल. आजच मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. गोळी बदलायची का, ते ठरवतील."

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सून आता उघडपणे घेत होती, पण पुढचे आठवडे त्या घरात भीतीने भांडंसुद्धा वाजलं नाही. सोनोग्राफीत कणा नीट दिसला. "मेंदूचं सगळं यात कळत नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बाळ वाढताना लक्ष ठेवावं लागेल." भीती अर्धीच गेली.

त्या दिवशी सासू बाहेर बाकावरच बसली होती. शेजारची बाई आपल्या सुनेमागे उठली, तशी सासूने तिचा हात धरला. "बसा. तिला एकटीला बोलू द्या. मी आत गेले होते, बाळाच्या जिवाशी खेळ झाला."

तर मंडळी, दिवस राहायच्या आधीच चालू औषधं डॉक्टरांना सांगा. मनाने घेऊ नका, मनाने सोडू नका. आणि आजार सांगायला सुनेला भीती वाटत असेल, तर आधी इलाज आपल्या घराचा करा.