क्रेनवाल्या काकांबद्दल एक वाक्य

"क्रेनचालक घटस्फोटाच्या ताणात असून त्यांना..."

"थांबा. घटस्फोट कशाला? तो तुम्हाला सांगितला, साहेबांना नाही."

खोडलं.

(हे वाक्य सुरक्षा अधिकाऱ्यासाठी आहे. लिहिणारी मी, कारखान्याची समुपदेशक. खोली कॅन्टीनमागे, खुर्च्या दोन. समोर काका, बावीस वर्षं क्रेनवर.)

अर्ध्या तासापूर्वी ते हसत हसत म्हणाले होते, "या आठवड्यात दोनदा एका हुकाचे दोन दिसले. म्हटलं, डावा खरा. निघालाही खरा!"

मी हसले नाही.

"काका, खाली माणसं असतात."

"सहा."

"मग हे मला सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगावं लागेल."

त्यांचा चेहरा पडला. "इथलं इथेच राहतं म्हणालात ना?"

मी म्हणाले होते. पुढचं म्हणायचं राहिलं होतं: कुणाच्या जिवाला धोका असेल, तेवढं सोडून. पहिल्या भेटीत प्रत्येकाला ही अट लिहिलेला कागद वाचून दाखवायचा, अशी पद्धत आहे. पण काका आले तेच रडत. कागद नंतर, म्हटलं. चार महिने झाले, ते 'नंतर' काही आलं नाही.

"चूक माझी आहे. कागद वाचायला हवा होता."

"वाचला असता तर मी हुकाचं बोललोच नसतो."

मी वहीतलं कोरं पान फाडलं.



मग काकाच म्हणाले, "किती सांगणार?"

"क्रेनपुरतं. एका माणसाला, तुमच्यासमोर. शब्द आत्ता इथे ठरवू."

"लिहा मग."

"क्रेनचालकाच्या नजरेत दोष..."

"दोष काय दोष! मी काय गाडीचा सुटा भाग आहे?"

खोडलं.

"मला कधीकधी एकाचे दोन दिसतात. तपासणी होईपर्यंत मी क्रेनवर चढणार नाही."

"'मला' कसं? लिहिताय तर तुम्ही."

"बोलणार तुम्ही. तुम्हाला जमलं नाही तरच मी."

काकांनी कागद दोनदा वाचला, 'नाही'वर बोट ठेवलं. बावीस वर्षं, असं काहीतरी पुटपुटले आणि उठले.

सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे मागून शिट्टी म्हणतात. गळ्यात कायम असते. काका त्याच्या टेबलासमोर उभे राहिले, मी बाजूला खिडकीपाशी. कागद खिशातून काढलाच नाही. वाक्य पाठ होतं, एका दमात म्हटलं.

शिट्टीने चहा बाजूला ठेवला.

"आत्ता मी दोन दिसतोय का?"

"नाही साहेब. एकच आहात, तेच झेपत नाही."

शिट्टी खो खो हसला. मग फोन उचलून त्याने आजच्या पाळीला दुसरा चालक मागवला. "डॉक्टरांकडे आत्ताच जायचं, मी गाडी देतो. डोळे ठीक झाले तर परत वर. नाहीच झाले, तर नव्या चालकांना शिकवायला मला खाली माणूस हवाच आहे. तू स्वतः आलास म्हणून सांगतो."

काका बसले. इतका वेळ उभेच होते.

"घरी काही टेन्शन वगैरे?" शिट्टीने विचारलं. काकांना नाही, मला.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ते या मॅडमशी बोलतो मी," ते म्हणाले. "गुरुवारी येऊ का?"

गुरुवार माझा भरलेला होता. हो म्हणाले.