कळवतो म्हणून गेलेले पावणे

बिद्रीच्या विजयसिंहरावांच्या मुलाचं स्थळ माझ्यासाठी आलं, तेव्हा मी मध्यस्थाला लगेच हो म्हणाले. येत्या रविवारी घेऊन या म्हटलं. आई माझ्याकडे बघतच राहिली, कारण तोवर मी चांगली चांगली स्थळं वाटेला लावली होती. लग्न मला करायचंच नव्हतं. मला ती माणसं आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात पुन्हा एकदा बसलेली बघायची होती.

पहिल्यांदा ती आली तेव्हा मी शाळेत होते आणि आक्का, म्हणजे आमची थोरली अनुजा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आम्ही पाच बहिणी, भाऊ नाही, वडिलांची पिठाची गिरणी. त्यांच्याकडे एकुलता एक राजवीर आणि नजर पोचेल तिथवर ऊस. राजवीरच्या आईनं, चिमणाबाईंनी, आक्काची वेणी सोडायला लावून केस ओढून बघितले. तिला चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. बारावीला गचकलेल्या राजवीरनं ते अक्षर मास्तरासारखं तपासलं आणि मान हलवली. मग विजयसिंहराव वडिलांना शहाणपण शिकवायला लागले. तुमचं घर खाणाऱ्या तोंडांनी मागं राहिलं, आमचं एका वारसावर वाढलं, वाटणीच नाही तर जमीन फुटते कुठं, असा त्यांचा हिशेब. पोरीला शिकवणं म्हणजे दुसऱ्याच्या शेताला पाणी पाजणं. पोरगी पसंत आहे, पण आमच्या पोरापेक्षा जास्त शिकलेली नको, तेवढं कॉलेज बंद करा. बाकीचं कळवतो.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी तिचं कॉलेज बंद केलं. मग ते वाट बघत बसले. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून चालू गिरणी मध्येच बंद करायचे आणि दळणाला आलेल्या बायका खोळंबायच्या. ठरल्यासारखंच आहे असं सांगून त्यांनी आलेली दुसरी स्थळं परत पाठवली. शेवटी कुणीतरी येऊन सांगितलं, की राजवीरसाठी गावोगाव मुली बघणं चालूच आहे. तोवर गल्लीत बोभाटा झाला होता, की पोरीत काहीतरी खोट असणार. आक्का पुन्हा कुणासमोर बसली नाही.

वडिलांना त्याचा असा चटका बसला, की आम्हा चौघींची शाळा त्यांनी कधी तोडली नाही. पण आक्काला परत कॉलेजला जा म्हणायला त्यांचं तोंड झालं नाही. ती गिरणीवर बसली आणि आम्ही तिच्या जिवावर शिकलो. वडील गेले, गिरणी तिनंच चालवली. आज आमच्यातली एक नर्स आहे, एक इंजिनिअर, धाकटी वकिली करते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कुटुंब लहान असलं की पोरं शिकतात आणि पोरं शिकली की देश वर येतो, असं मी फळ्यावर लिहिते, आणि दर वेळी विजयसिंहरावांचं लहान कुटुंब आठवून मला हसू येतं. त्यांना वाटलं, जमीन आहे तर पोराला शाळा कशाला. इकडे पोरी शिकल्या आणि उसाकडे बघेनाशा झाल्या. मुली नाकारत फिरणाऱ्या राजवीरला आता कुणी विचारत नव्हतं.

रविवारी तिघं आली. घर त्यांनी ओळखलं नाही. इतक्या घरचे पोहे खाल्लेले, कुठलं लक्षात ठेवणार? मी समोर खुर्चीवर बसले. राजवीरनं कानाजवळचे केस रंगवले होते. मी त्याला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, कागद पुढं करून नाव लिहायला लावलं. मग म्हटलं, जरा दारापर्यंत चालून दाखवा.

तो बापाकडे बघायला लागला. विजयसिंहरावांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"चाल की," ते म्हणाले.

तो चालला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली. ही माझी थोरली बहीण, मी सांगितलं. हिला कुठं दिलंय, चिमणाबाईंनी विचारलं. लग्न झालं नाही म्हटल्यावर त्यांनी चुकचुक केली.

"एका ठिकाणावरनं निरोप यायचा हुता," मी म्हणाले. "आलाच न्हाय."

"असल्या माणसास्नी जोड्यानं हाणाय पायजे," विजयसिंहराव म्हणाले. "व्हय का न्हाय, सांगाय काय जातंय? पोरीच्या जल्माचा प्रश्न असतोय."

आक्कानं त्यांच्या हातात कप दिला. चहा बशीत सांडलासुद्धा नाही.

निघताना त्यांनी काय ते विचारलं. मी म्हटलं, मुलगा पसंत आहे. फक्त आता दुसरीकडे बघणं तेवढं बंद करा. बाकीचं कळवतो. विजयसिंहरावांनी मला हात जोडले.

त्याला आता दोन महिने होत आले. आधी त्यांचे फोन यायचे, हल्ली चिमणाबाईंचे येतात. मी उचलत नाही. मध्यस्थ सांगतो, की कसंबसं चालून आलेलं गारगोटीचं एक बरं स्थळ त्यांनी परत पाठवलं आणि राजवीर रविवारी दाढी करून कट्ट्यावर बसतो. ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

काल संध्याकाळी पुन्हा चिमणाबाईंचा फोन आला. किती तरी वेळ वाजत राहिला. राजवीरचं ते दारापर्यंत चालणं मला उगाच आठवलं. सूड पुरे झाला, नाही म्हणून तरी सांगून टाकावं, असं वाटलं आणि मी फोनकडे हात नेला.

आक्का गिरणी बंद करून नुकतीच आत आली होती. इतक्या वर्षांत तिनं त्या माणसांबद्दल ब्र काढला नव्हता. पिठानं भरलेला हात तिनं माझ्या मनगटावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

"वाजू दे," ती म्हणाली. "माझ्या टायमाला वाजलाच न्हवता."